जुन्या ट्रॅक्टरचे चारी इंडिकेटर एकदम लुकलुकवायचे आहेत, वायरिंग कसं करावं?

सांवेर३५
१२ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. घर इंदुरात रामबागेत, शेती सांवेरच्या अलीकडे, उज्जैन रोडपासून तीन किलोमीटर आत. ट्रॅक्टर बाबांनी १९८९ साली घेतलेला, पस्तीस हॉर्सपॉवरचा, १२ व्होल्टचा. मूळचा डायनमो काढून मध्यंतरी अल्टरनेटर बसवलाय. इंजिन आजही पहिल्या सेल्फला उचलतं. वायरिंग मात्र उंदरांनी खाल्लेलं आणि दर मोसमात कुणीतरी काळी टेप गुंडाळून जोडलेलं.

गेल्या गुरुवारी सोयाबीन भरून लक्ष्मीबाई नगर मंडीकडे निघालो होतो. धरमपुरीच्या पुढे ट्रॉलीचं टायर बसलं. रात्रीचे साडेआठ. कडेला घेतली तरी अर्धी ट्रॉली डांबरावरच होती. चुलतभाऊ मागे जाऊन मोबाईलचा टॉर्च हलवत उभा राहिला. एका डंपरने त्याच्यापासून दहा-बारा हातांवर स्टिअरिंग कापलं. भाऊ घरी येईपर्यंत बोलला नाही, आणि त्या रात्री मलाही झोप लागली नाही.

दुसऱ्याच दिवशी एका इलेक्ट्रिशियनकडून 'पार्किंग' लावून घेतली, म्हणजे एक स्विच दाबला की चारी इंडिकेटर लुकलुकतील अशी. आता गंमत बघा: डावा इंडिकेटर दिला तरी चारी लागतात, उजवा दिला तरी चारी. चावी बंद केली की पार्किंगही बंद. आणि ट्रॉली जोडली की लुकलुकणं इतकं भरभर होतं की डोळ्यांना नुसता थरथराट दिसतो.

हे नीट कसं करायचं? वेळ लागला तरी चालेल, पण या वेळी स्वतः समजून करायचं आहे.

हातोदकर
१२ ऑक्टोबर, रात्री ११:०५

भाऊ वाचला, हे पहिलं. आमच्या गावात निम्म्या ट्रॉल्यांना मागे साधा लाल रिफ्लेक्टरही नाही. स्विचच्या मागचा फोटो टाक, इथले जाणकार सांगतीलच.

जुना वायरमन
१३ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

फोटोची गरज नाही, लक्षणांवरूनच कळतंय. त्याने डाव्या आणि उजव्या बाजूची वायर एकत्र पिळून एकाच स्विचच्या एका टोकाला लावली आहे. स्विच बंद असला तरी पीळ तसाच राहतो. मग डावीकडे गेलेला करंट त्या पिळातून उजवीकडे पोचणारच. ही चूक मी चाळीस वर्षांत शेकडो गाड्यांवर पाहिली. करणारा वाईट नसतो, घाईत असतो. समोर गिऱ्हाईक उभं असतं, चारी दिवे लागले की दोघेही खूश.

आता मुळापासून बघ. साध्या इंडिकेटरची वाट अशी: चावीतून फ्यूज, फ्यूजमधून फ्लॅशरचा, म्हणजे दिवे लुकलुकवणाऱ्या डबीचा, 'बी', फ्लॅशरचा 'एल' इंडिकेटरच्या दांडीला, आणि दांडी ठरवते की डावीकडे पाठवायचं की उजवीकडे. नव्या फ्लॅशरवर अक्षरांऐवजी ४९ आणि ४९ए असे आकडे असतात. ४९ म्हणजे आत येणारी, ४९ए म्हणजे लुकलुकत बाहेर जाणारी.

हॅझर्डच्या, म्हणजे तू म्हणतोस त्या 'पार्किंग'च्या, स्विचला दोन कामं एकाच वेळी करावी लागतात. पहिलं, फ्लॅशरच्या आत येणारी वायर चावीवरून सोडवून थेट बॅटरीवर लावायचं, म्हणजे चावी काढून खिशात घातली तरी दिवे चालू राहतील. दुसरं, फ्लॅशरची बाहेर जाणारी वायर डाव्या आणि उजव्या, दोन्हींना जोडायची. आणि स्विच बंद केला की डावं-उजवं एकमेकांपासून पूर्ण तुटलं पाहिजे. तुझ्या स्विचमध्ये हेच तुटणं नाही.

बाजारात तयार हॅझर्ड स्विच मिळतो, लाल त्रिकोणाचा, ट्रकला लागतो तसा. त्याच्या मागे १५, ३०, ४९, ४९ए, एल, आर असे आकडे-अक्षरं कोरलेली असतात. १५ वर चावीची वायर, ३० वर बॅटरीची, ४९ फ्लॅशरच्या आत जाणारीला, ४९ए फ्लॅशरच्या बाहेर येणारीला, एल डावीकडे, आर उजवीकडे. स्विच उठलेला असताना १५ आणि ४९ आतून जोडलेले असतात. दाबला की ३० आणि ४९ जोडले जातात आणि ४९ए, एल, आर तिघं एक होतात. यात डोकं लावायला काही उरत नाही. फक्त घेताना टेस्ट लॅम्पने टर्मिनल तपासून घे, कारण प्रत्येक स्विचवर जागा वेगळ्या असू शकतात.

तो मिळाला नाही तर दुसरा उपाय: हॅझर्डसाठी वेगळा फ्लॅशर, थेट बॅटरीवर, आणि पुढे दोन पोलांचा टॉगल स्विच. एका पोलातून डावी, दुसऱ्यातून उजवी. बंद असताना दोन्ही आपापल्या घरी. कुणी दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) लावूनही करतात, जेल रोडला मिळतात. पण डायोडमध्ये अर्धा-पाऊण व्होल्ट खाल्ला जातो आणि तो तापतो. ट्रॅक्टरच्या बोनेटखाली मी लावणार नाही.

सांवेर३५
१३ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

काका, पीळच निघाला! टेप सोडली तर हिरवी आणि पिवळी एकत्र, वर नुसती गाठ. सोडवल्याबरोबर इंडिकेटर वेगवेगळे लागले. शनिवारी सियागंजला जातो. फ्यूज किती अँपियरचा घेऊ? आणि वायर कुठली?

जुना वायरमन
१३ ऑक्टोबर, दुपारी १:१५

गणित तूच कर. इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा. २१ ला १२ ने भाग, एका बल्बला पावणेदोन अँपियर. ट्रॅक्टरचे चार म्हणजे ७. ट्रॉलीचे दोन धरून सहा म्हणजे साडेदहा. तेव्हा १५ चा फ्यूज. आणि तो डॅशबोर्डवर नको, बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात लाव. फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे घासून उघडी पडली तर तिला वाचवणारं कुणीच नसतं, आणि बाजूनेच डिझेलची नळी गेलेली असते.

बॅटरीपासून स्विच, फ्लॅशर आणि तिथून मागे, ही मुख्य वाट दीड चौरस मिलिमीटरची. ट्रॉलीची अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारी वायर, अडीचची. घरात वापरतात ती अर्ध्या चौरस मिलिमीटरची लाल-काळी जोडवायर अजिबात नको. तिच्या आठ मीटरमधून ७ अँपियर नेलेस तर दोन व्होल्ट वाटेतच जातील आणि बल्ब पिवळटसर मिणमिणेल. दिवसा तो कुणाला दिसणारही नाही.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची मायनस काढ, शेवटी जोड.

रिटायर्ड फिटर
१३ ऑक्टोबर, दुपारी ४:०० 

वायरमन साहेबांच्या शेवटच्या ओळीत एक भर. मायनस बॉडीला आहे की प्लस, हे आधी बघून घ्या. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या काही ट्रॅक्टरांवर प्लस बॉडीला असायची. जुन्या पत्र्याच्या डबीतल्या फ्लॅशरला त्याने फरक पडत नाही, त्यात नुसती तापून वाकणारी पट्टी असते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मात्र उलटा जोडला की गेला. तुमच्याकडे अल्टरनेटर बसवलाय म्हणजे मायनसच बॉडीला असेल, तरी डोळ्यांनी खात्री करा.

तुमचं भरभर लुकलुकणंही त्या पट्टीमुळेच आहे. करंट वाढला की पट्टी लवकर तापते, लवकर तुटते, लवकर जुळते. डबीवर लिहिलेलं असेल किती वॅटच्या किती बल्बांसाठी. दोन बल्बांच्या फ्लॅशरवर सहा घातलेत. नियमाप्रमाणे इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे आणि त्याचा रंग पिवळसर नारिंगी हवा. घड्याळ लावून मोजा. तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक घ्या, त्याचा तिसरा पाय बॉडीला. तो दोन बल्बांवर आणि सहांवर जवळपास एकाच चालीने चालतो.

देपालपूरची सून
१४ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

आमच्याकडे उलटा प्रकार झाला होता. ट्रॉलीला आणि ट्रॅक्टरला एलईडी लावले आणि जुना फ्लॅशर तसाच ठेवला. इंडिकेटर लागला की लागलेलाच, लुकलुकेचना. पट्टी तापण्याइतका करंटच जात नव्हता. दुकानदाराने सहा ओहमचा रेझिस्टर दिला. त्याने लुकलुकायला लागला, पण रेझिस्टर इतका तापला की शेजारच्या वायरचं प्लॅस्टिक मऊ पडलं. मग रेझिस्टर काढून एलईडीवर चालणारा फ्लॅशर लावला. तुम्ही पुढे एलईडी करणार असाल तर आत्ताच तसा घ्या.

आणि एक सांगते. माझे सासरे भरलेली ट्रॉली घेऊन निघाले की चारी इंडिकेटर चालूच ठेवतात. मला ते बरोबर वाटतं. पंधराच्या वेगाने चाललेली ट्रॉली मागच्या ट्रकला उभ्यासारखीच असते ना?

जुना वायरमन
१४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१०

ताई, तुमच्या सासऱ्यांची काळजी पटते, तरी मी याच्या विरोधात आहे. ट्रॅक्टर रस्त्यावरून शेतात वळतो तो बहुतेक वेळा अचानक, आणि उजवीकडे वळला तर मागचा त्याच वेळी ओव्हरटेक करत उजवीकडूनच येत असतो. चारी दिवे लुकलुकत असतील तर उजवा इंडिकेटर दिलाय हे त्याला कळणार कसं? बंद पडलेल्या गाडीसाठी हॅझर्ड. चालत्या ट्रॉलीला मागचे लाल दिवे, रिफ्लेक्टर, आणि करायचंच असेल तर मडगार्डवर उंच दांडीला फिरता पिवळा दिवा.

देपालपूरची सून
१४ ऑक्टोबर, रात्री ९:००

वळण्याचा मुद्दा मान्य. पण ट्रक ८० वर आणि ट्रॉली १५ वर असेल तर सेकंदाला अठरा मीटर अंतर कमी होतं. शंभर मीटरवरून ट्रॉली दिसली तरी ड्रायव्हरच्या हातात साडेपाच सेकंद. मिणमिणत्या लाल दिव्यावर मी हे साडेपाच सेकंद सोडणार नाही. पिवळ्या दिव्याचं घरी बोलते. तो येईपर्यंत हॅझर्ड चालू राहील, वळायच्या आधी बंद करून इंडिकेटर द्यायला मात्र सांगेन.

सांवेर३५
१८ ऑक्टोबर, रात्री ८:३०

सियागंजातून स्विच, तीन पायांचा फ्लॅशर, फ्यूज होल्डर, वायर, लग (वायरच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोप्या), सगळं आणलं. आज दिवसभर तेच. ट्रॅक्टरचं काम शंभर टक्के झालं! चावी खिशात, चारी दिवे चालू. डावा वेगळा, उजवा वेगळा. मिनिटाला ८४ मोजले.

मग ट्रॉली जोडली आणि जीव खट्टू झाला. ट्रॉलीचा डावा इंडिकेटर पेटतच नाही, त्याऐवजी तिचे मागचे लाल दिवे मंद लुकलुकतात. हेडलाईट चालू करून इंडिकेटर दिला तर आणखी काही तरी वेगळंच. बल्ब बदलले, होल्डर घासले. वायर टोकापासून टोकापर्यंत तपासली, अखंड आहे.

रिटायर्ड फिटर
१८ ऑक्टोबर, रात्री ९:१५

ट्रॉलीला अर्थची वेगळी वायर आहे का?

सांवेर३५
१८ ऑक्टोबर, रात्री ९:२२

नाही. लोखंडाला लोखंड लागलेलं आहे म्हणून हुकातूनच अर्थ मिळते असं सगळे म्हणतात.

रिटायर्ड फिटर
१८ ऑक्टोबर, रात्री १०:०५

तिथेच आहे तुमचा रोग. हुकाच्या पिनेवर ग्रीस, गंज आणि माती. ट्रॉली ओढली जात असताना पिन एका बाजूला घट्ट दाबलेली असते, तेव्हा कदाचित थोडी अर्थ मिळते. उभी राहिली की पिन सैल. म्हणजे ज्या क्षणी ट्रॉली रस्त्यात बंद पडते, ज्या क्षणासाठी तुम्ही हा सगळा खटाटोप केलात, नेमकी त्याच क्षणी अर्थ जाते.

लाल दिवे का लुकलुकतात तेही सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की आयुष्यभर उपयोगी पडतं. करंट इंडिकेटरच्या बल्बातून ट्रॉलीच्या लोखंडात येतो. तिथून त्याला बॅटरीच्या मायनसला परत जायचंय, पण रस्ता बंद. मग तो लाल दिव्याच्या बल्बात उलटा शिरतो, त्याच्या वायरीने ट्रॅक्टरकडे येतो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्यांतून बॉडीला जातो. लाल दिवा पाच वॅटचा, इंडिकेटर २१ चा. इतक्या अरुंद वाटेतून जाणाऱ्या करंटला पाच वॅटची तार जेमतेम तापवता येते, २१ वॅटची नाही. म्हणून लाल मिणमिणतो आणि इंडिकेटर काळा.

तपासायला एक लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं ट्रॉलीच्या घासून चकचकीत केलेल्या लोखंडाला. लगेच कळेल.

सांवेर३५
१९ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

उजाडताच केलं. वायर टेकवली आणि ट्रॉलीचे दोन्ही इंडिकेटर भडक पेटले. टेकवायच्या आधी मीटरने ट्रॉलीचं लोखंड आणि बॅटरीची मायनस यांच्यात मोजलं होतं, इंडिकेटर चालू असताना ४.८ व्होल्ट. वायर टेकवल्यावर ०.१. काका, इतकी वर्षं ही ट्रॉली बाबांनी आणि मी रात्री-अपरात्री रस्त्यावर नेली. उभी राहिली की ती आंधळीच होती.

जुना वायरमन
१९ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

आता पक्कं करून टाक. सात पिनांचं सॉकेट आणि प्लग घे. पिन १ डावा इंडिकेटर, ३ अर्थ, ४ उजवा. ५ आणि ७ मागचे लाल दिवे, ६ ब्रेक. सगळे हाच क्रम पाळले तर शेजाऱ्याची ट्रॉली तुझ्या ट्रॅक्टरला चालेल. मोसमात ट्रॉल्यांची अदलाबदल होतेच.

अर्थ ट्रॅक्टरच्या बाजूला बॅटरीच्या मायनसपर्यंत ने. मडगार्डच्या रंगावर बोल्ट मारून सोडू नकोस. ट्रॉलीच्या बाजूला चॅसीचा रंग खरवडून, लग लावून, दातेरी वॉशरखाली घट्ट कर आणि वरून व्हॅसलीन. प्रत्येक दिव्याच्या होल्डरलाही अर्थची वायर दे, नुसत्या पत्र्याच्या भरवशावर ठेवू नकोस.

लग दाबून बसव, डाग (सोल्डर) देऊ नकोस. डाग दिला की तारेत राळेसारखी कडक जागा होते आणि ट्रॅक्टरच्या धक्क्यांनी वायर बरोबर त्या कडक जागेच्या कडेला मोडते. सगळ्या वायरी नालीदार पाईपातून. उंदीर पाईपही कुरतडतात, पण निदान वायर घासत नाही.

हातोदकर
१९ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

+१, आणि वाचनखूण साठवली. एक विचारतो: रात्रभर हॅझर्ड चालू ठेवला तर सकाळी सेल्फ उचलेल का?

रिटायर्ड फिटर
१९ ऑक्टोबर, दुपारी १२:००

चार बल्ब पेटलेले असताना ७ अँपियर, पण अर्धा वेळ बंद असतात, म्हणून सरासरी साडेतीन. ट्रॉलीसकट सव्वापाच. ७५ अँपियर-तासाची नवी बॅटरी सात-आठ तास नक्की देईल आणि नंतर सेल्फपुरती उरेल. तीन वर्षं वापरलेली असेल तर निम्मं धरा. एलईडीचा खरा फायदा इथे आहे.

महूकर
१९ ऑक्टोबर, रात्री ११:५०

हा धागा रोज वाचतोय, लिहायचं धाडस होत नव्हतं. माझा मामेभाऊ सिमरोलकडून रात्री मोटारसायकलवर येत होता. रस्त्यात उभी ट्रॉली, दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वर भुसा इतका भरलेला की मागचा भाग झाकलेला. तो चोवीस वर्षांचा होता. मामा-मामींना मी त्या दिवसानंतर कधी मोकळं हसताना पाहिलं नाही.

तुम्ही दिव्यांचं बोलताय ते सगळं कराच. पण दिवे भुशाच्या पालाखाली झाकले जाणार नाहीत अशा जागी लावा, किंवा एका फळीवर बसवून फळी शेवटी मागून अडकवा. आणि रिफ्लेक्टिव्ह टेप लावा, पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. तिला बॅटरी लागत नाही, अर्थही लागत नाही.

अजून एक. ट्रॉली बंद पडली की आपल्याकडे मागे मोठे दगड मांडतात, झाडाची फांदी टाकतात. काम झालं की ट्रॉली निघून जाते आणि दगड तिथेच राहतात. कृपा करून निघताना दगड उचला.

देपालपूरची सून
२० ऑक्टोबर, सकाळी ६:३०

महूकर दादा, फार वाईट वाटलं. आजच सासऱ्यांना आणि दिरांना तुमचं लिहिलेलं वाचून दाखवते. टेपचा रोल शनिवारी येईल.

सांवेर३५
२६ ऑक्टोबर, रात्री ९:४५

सगळं पूर्ण झालं. सात पिनांचं सॉकेट, अडीचची अर्थ बॅटरीपासून ट्रॉलीच्या चॅसीपर्यंत, मागे फळीवर दिवे, तीन बाजूंना टेप. मीटरवर आता ०.१५ व्होल्ट, ट्रॉली उभी असताना आणि हुकाची पिन मुद्दाम सैल करूनही.

अंधार पडल्यावर ट्रॉली शेतरस्त्यावर उभी केली, इंजिन बंद, चावी माझ्या खिशात. चुलतभाऊ फोनवर बोलत मागे मागे चालत गेला. पुलियाजवळ पोचला, म्हणाला, दिसतंय. पुढे कडुलिंबापाशी, दिसतंय. डांबरी रस्ता लागेपर्यंत तो 'दिसतंय' म्हणत राहिला आणि मग तिथेच उभा राहिला. बराच वेळ परत आला नाही. मी फोन चालूच ठेवला.

महूकर दादा, तुमच्या मामांकडे ट्रॉली आहे का?

महूकर
२६ ऑक्टोबर, रात्री १०:३०

आहे. मागे एक लाल रिफ्लेक्टर, बाकी काही नाही. मामा म्हणतात आता काय करायचंय. मी लावून देईन म्हटलं तर नाही म्हणणार नाहीत, पण मला हे काम येत नाही.

सांवेर३५
२६ ऑक्टोबर, रात्री १०:३८

रविवारी सकाळी आम्ही दोघे येतो, मी आणि भाऊ. लग दाबायची पक्कड, मीटर आणि टेपचा उरलेला रोल आणतो. तुम्ही महूतून सात पिनांचं सॉकेट-प्लग आणि अडीचची वायर आठ मीटर घेऊन ठेवा. ट्रॅक्टरची बॅटरी कुठल्या बाजूला आहे तेवढं मामांना विचारून कळवा, म्हणजे वायर कमी पडणार नाही.

महूकर
२७ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

सीटखाली, डाव्या बाजूला. मामी विचारताहेत, जेवायला किती जण?